तो कुवेतमध्ये, मी नाशिकमध्ये, आणि अर्ज अजून कुठेच नाही

प्रश्न (ओळख पटेल असे तपशील काढून, थोडक्यात):

ताई, माझं वय २८. लग्नाला सात महिने झाले. नवरा अमेरिकेतच जन्मला, वाढला आणि तिथल्या आर्मीत आहे. लग्नासाठी तो नाशिकला आला तेव्हा आम्ही जेमतेम १९ दिवस एकत्र राहिलो. परत गेल्यावर दोन-अडीच महिन्यांत त्याला नऊ महिन्यांसाठी कुवेतला पाठवलं. अजून पाच महिने बाकी आहेत. माझ्या ग्रीन कार्डचा अर्ज अजून भरलेलाच नाही. सासूबाई न्यू जर्सीत असतात. त्या म्हणतात, "तो परत आला की शांतपणे करा, तिकडे असताना त्याच्या डोक्याला ताप नको." मैत्रीण म्हणते, टुरिस्ट व्हिसा काढ, जा आणि तिथूनच अर्ज कर. एजंट म्हणतो, नवरा सैन्यात आहे म्हणजे तीन महिन्यांत काम होईल. मला वाटतं, १९ दिवसांच्या संसारावर कोण विश्वास ठेवणार? त्याचा फोन आठवड्यातून दोनदा येतो, पंधरा मिनिटं. त्यात फॉर्मचं बोलायला जीभ रेटत नाही. नोकरीचा राजीनामा आत्ताच देऊ का, तेही कळत नाही. आणि एक विचार लिहायलाही नको वाटतो : त्याला काही झालं, तर माझं काय?
— वाट पाहणारी

उत्तर:

तू मला ताई म्हटलंस, म्हणून मीही तुला अगं-तुगंच करते.

तुझं पत्र तीनदा वाचलं. सासूबाई काय म्हणतात ते त्यात आहे, मैत्रिणीचं मत आहे, एजंटाचंही आहे. नवरा काय म्हणतो, ते मात्र एका ओळीतही नाही. तो टाळतोय, चिडतोय असं तू कुठे म्हणत नाहीस. तू त्याला विचारलेलंच नाहीस. जेवलास का, झोप झाली का, इकडे सगळं छान चाललंय, आणि पंधरा मिनिटं संपली. याकडे मी परत येणार आहे. आधी कागदांचं बघू, कारण तुझी निम्मी भीती कागदांबद्दलच्या गैरसमजातून आलेली दिसते.

एक सांगून ठेवते. मी वकील नाही. पण अमेरिकी सैनिकाला आणि त्याच्या कुटुंबाला फुकट सल्ला देणारं वकिलांचं कार्यालय जवळजवळ प्रत्येक मोठ्या तळावर असतं, त्याला लीगल असिस्टन्स ऑफिस म्हणतात. तू सैनिकाची बायको आहेस, म्हणजे ते तुझ्यासाठीही आहे. इमिग्रेशनच्या बाबतीत कुठलं ऑफिस किती मदत करतं यात फरक असतो, पण एजंटाला पैसे मोजण्याआधी नवऱ्याच्या मूळ तळावरच्या ऑफिसला एक ईमेल टाकायला काय हरकत आहे? यूएससीआयएसची, म्हणजे हे अर्ज हाताळणाऱ्या खात्याची, सैनिकांच्या कुटुंबांसाठी वेगळी हेल्पलाइनही आहे.

आता मुख्य गैरसमज. तो परत आल्याशिवाय काही सुरूच होत नाही, असं तुम्ही सगळ्यांनी धरून चाललंय. तसं नाही.

पहिला अर्ज आय-१३०. तो नवऱ्यानं करायचा असतो, 'ही माझी बायको आहे' एवढंच त्यात सांगायचं आणि सिद्ध करायचं. तो ऑनलाइन भरता येतो, सहीही ऑनलाइनच होते. तळावर इंटरनेट असेल तर कुवेतमधून भरायला कसलीच आडकाठी नाही. एप्रिल २०२४ पासूनच्या दरांनुसार ऑनलाइन अर्जाला ६२५ डॉलर आणि कागदी अर्जाला ६७५ डॉलर लागतात. कागदावरच करायचं ठरलं, तरी शाईनं केलेल्या सहीची स्कॅन केलेली प्रत चालते, मूळ कागद टपालानं फिरवत बसावा लागत नाही. तुझ्या माहितीचा आय-१३०ए म्हणून एक जोडफॉर्म असतो. तू अमेरिकेबाहेर असल्यामुळे त्यावर तुझी सहीसुद्धा लागत नाही.

त्यानंतर फाइल रांगेत पडते. तिथला हिशेब आठवड्यांचा नसतो, वर्ष किंवा त्याच्या आसपासचा असतो, आणि तो सारखा बदलतो. मंजुरी मिळाली की फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तिथलं बहुतेक काम तुझं आहे : डीएस-२६० हा ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट, जन्मदाखला, विवाह प्रमाणपत्र, पासपोर्ट कार्यालयाकडून मिळणारं पोलीस क्लिअरन्स. व्हिसाचे ३२५ आणि आर्थिक हमीच्या छाननीचे १२० डॉलर तिथे भरायचे. केस नंबर आणि इन्व्हॉइस नंबर तुझ्याकडे असला की नाशिकला बसून तू हे सगळं करू शकतेस. मग मुंबईत, त्यांनी नेमलेल्या डॉक्टरांकडे वैद्यकीय तपासणी आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत. त्या मुलाखतीला नवऱ्यानं हजर असावं अशी अट नाही.

आता बोटांवर मोज. या सगळ्यात त्यानं अमेरिकेत असायची गरज कुठे लागते? कुठेच नाही. पाच महिन्यांनी तो परत येईल तेव्हा फाइल बहुधा रांगेतच असेल. आत्ता अर्ज केलात तर त्याची कुवेतमधली पाच महिन्यांची वाट आणि तुमच्या फाइलची वाट एकाच वेळी सरेल. नाही केलात तर आधी एक, मग दुसरी.

सासूबाईंना मी वाईट म्हणत नाही हं. मुलगा गणवेशात असला की आई त्याच्या डोक्याला जपते, आणि डोकं ठिकाणावर नसलेला सैनिक स्वतःलाही धोका आणि बरोबरच्यांनाही, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. पण ताप म्हणजे नेमकं किती काम, ते त्यांना बहुधा माहीत नसेल. खातं उघडणं, तू तयार करून पाठवलेली माहिती तपासणं, सही करणं, फी भरणं आणि पाच-सहा कागद स्कॅन करून पाठवणं. सगळं मिळून त्याचे तीन-चार तास, तेही तुकड्या-तुकड्यांनी. बाकी जुळवाजुळव तुझी. सासूबाईंना हे असं तासांत सांग. जमलं तर त्यांनाच एक काम दे : त्याचा जन्मदाखला घरच्या कपाटात असेल, त्याची स्वच्छ प्रत. नागरिकत्वाचा पुरावा म्हणून तो लागणारच आहे.

एजंटाचं. सैन्यासाठी तीन महिन्यांची वेगळी खिडकी नाही. 'आमची फाइल लवकर घ्या' अशी विनंती मात्र करता येते, यूएससीआयएसकडेही आणि पुढे व्हिसा सेंटरकडेही, आणि त्यात लष्करी कारणांचा विचार होतो. परदेशातल्या अमेरिकी तळांवर नेमणूक असलेल्या सैनिकांना काही परिस्थितींत थेट तिथल्या वकिलातीत आय-१३० देण्याची सोयही आहे. पण हे सगळं अधिकाऱ्याच्या मर्जीवर, प्रत्येक प्रकरण बघून. खात्री देणाऱ्या माणसाला मी तरी पैसे देणार नाही.

शिवाय तुला घाई नक्की कशाची आहे? तुला खरंच तीन महिन्यांत व्हिसा मिळाला असं समज. व्हिसा साधारण सहा महिने चालतो, वैद्यकीय तपासणीच्या मुदतीशी बांधलेला असतो. म्हणजे तू अमेरिकेत पोहोचशील आणि नवरा कुवेतमध्ये. अनोळखी गावात, बहुधा गाडीशिवाय कुठे जाता न येणाऱ्या तळाच्या बाजूला, रिकाम्या घरात. काही जणींना हे आवडतं. घर लावायला, गाडी शिकायला, तळावरच्या इतर बायकांशी ओळखी करायला वेळ मिळतो. काही जणी पहिल्याच महिन्यात कोलमडतात. तू यातली कुठली, ते तुलाच माहीत. लवकर नेण्याची विनंती करायचीच असेल, तर तो परतायच्या तारखेच्या हिशेबानं करा. एजंट म्हणतो म्हणून नको.

मैत्रिणीच्या सल्ल्यावर मात्र मी ठाम आहे : नको. टुरिस्ट व्हिसाच्या मुलाखतीत तुला सांगावं लागतं की मी फिरून परत येणार. मनात कायमचं राहायचं ठेवून तसं सांगणं म्हणजे खोटं बोलणं. खोटी माहिती देऊन प्रवेश मिळवला असा ठपका बसला तर अमेरिकेची दारं कायमची बंद होऊ शकतात. माफीचा अर्ज असतो, पण त्या वाटेला कोणी आपणहून जाऊ नये. आणि नवरा अमेरिकी आहे हे सांगितलं, सांगायलाच हवं, की टुरिस्ट व्हिसा मिळणंही अवघड होतं. शिवाय तो तिथे नाहीच, मग जाऊन भेटणार कोणाला?

आता १९ दिवस. तू हा आकडा पत्रात दोनदा लिहिलास, एकदा माहिती म्हणून आणि एकदा अपराध असल्यासारखा. अधिकारी दिवस मोजत नाही. लग्न खरं आहे की कागदापुरतं, एवढंच त्याला पाहायचं असतं. इतर जोडपी एकत्र भाडेकरार, एकत्र बँक खातं असं काही दाखवतात. ते तुमच्याकडे नाही, खरंय. पण सैनिकाच्या बायकोकडे असे पुरावे असतात जे सामान्य जोडप्याकडे असूच शकत नाहीत.

डीईईआरएस नावाची नोंदवही आहे, सैनिकाच्या कुटुंबाची. बायकोचं नाव त्यात घातलं की तिला लष्करी ओळखपत्र आणि वैद्यकीय सोयी मिळतात. अमेरिकेचा सोशल सिक्युरिटी नंबर नसला म्हणून नोंद अडत नाही. डीडी-९३ हा फॉर्म आहे : काही झालं तर कोणाला कळवायचं, ते त्यात असतं. एसजीएलआय हा सैनिकांचा आयुर्विमा, मार्च २०२३ पासून कमाल पाच लाख डॉलरचा. त्यात वारस कोण ते लिहिलेलं असतं. आणि पगाराची महिन्याची स्लिप, तिला ते एलईएस म्हणतात. घरभाड्याचा भत्ता विवाहिताच्या दरानं मिळत असेल तर तो तिच्यावर दिसतो. सरकारच्याच कागदावर सरकारच्याच नोकरानं तुला बायको म्हणून लावलेलं असणं, याहून सरळ पुरावा कुठला?

पण यातलं त्यानं किती केलंय, तुला माहीत आहे का? नसेल तर विचार. केलं नसेल तर ते तुझ्यावर प्रेम नसल्यामुळे असेलच असं नाही. पंचवीस-तिशीतली मुलं फॉर्मच्या बाबतीत ऐदी असतात, गणवेश असो वा नसो. डीईईआरएसचं काम मुखत्यारपत्र देऊन त्याच्या वतीनं दुसरं कोणी करू शकतं. इमिग्रेशनच्या अर्जावर मात्र मुखत्यारपत्राच्या भरवशावर राहू नका, तिथे त्याचीच सही हवी.

बाकी तुमचे फोटो, दोन्हीकडच्या नातेवाइकांबरोबरचे. विमानाची तिकिटं. त्यानं पाठवलेले पैसे. फोनच्या नोंदी. चॅटची हजार पानं छापून देऊ नकोस, महिन्याला दोन-तीन पानं पुरेत. आणि त्यात त्याच्या तुकडीचं ठिकाण, हालचालीच्या तारखा, तळाचे फोटो असं काही असेल तर काढून टाक. ही सूचना त्याला ऐकवलीस तर तो खूश होईल. त्यांच्या डोक्यात ते रोज भरवतात. कुवेतला पाठवल्याचा आदेश जोडायचा असेल तर तोही त्याला विचारूनच. मुलाखतीत 'नवरा कुठे आहे' विचारलं की 'ड्यूटीवर' म्हणायचं आणि वरिष्ठांचं पत्र पुढे करायचं. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

पैशांच्या फॉर्मकडे बहुतेक जण शेवटी बघतात आणि तिथेच अडतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. आय-८६४ म्हणजे 'मी हिला पोसू शकतो' ही हमी. इतरांना सरकारी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवावं लागतं, पण सैनिक बायकोला आणत असेल तर १०० टक्के पुरतं. २०२५ च्या कोष्टकात दोघांच्या कुटुंबासाठी तो आकडा २१,१५० डॉलर होता. पूर्णवेळ सैनिकाला साधारणपणे त्याहून जास्त मिळतं. अडचण वेगळीच येते. कुवेत करसवलतीच्या युद्धक्षेत्रात मोडतं. तिथल्या काळातला शिपाई-हवालदारांचा पगार करमुक्त असतो, त्यामुळे वर्षाच्या पगाराच्या दाखल्याच्या, म्हणजे डब्ल्यू-२ च्या, पहिल्या रकान्यात रक्कम खूपच कमी दिसू शकते. करमुक्त पगाराची रक्कम १२ व्या रकान्यात क्यू या अक्षरापुढे असते. शिवाय युद्धक्षेत्रात असलेल्यांना कर भरायला जास्तीची मुदत मिळते, म्हणून त्यानं गेल्या वर्षाचं विवरणपत्र भरलेलंच नाही, असंही होऊ शकतं. म्हणून त्याच्याकडून पगाराच्या स्लिपा दर महिन्याला मागून ठेव, आणि हमीपत्राबरोबर हे सगळं समजावणारं चार ओळींचं पत्र जोडा. तरीही काही कमी पडलं तर सासरे सहहमीदार होऊ शकतात. आणि तो कुवेतमध्ये आहे म्हणून त्याचं अमेरिकेतलं वास्तव्य तुटलं, असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस. सरकारी कामासाठी बाहेर असलेल्याचं ते तुटत नाही.

राजीनामा? अजिबात नाही. पासपोर्टवर व्हिसा चिकटेपर्यंत नाही. वर्षभर नाशिकमध्ये बिनपगारी वाट बघणं म्हणजे काय, ते मी एका भाचीचं पाहिलंय. सासर-माहेर दोन्हीकडे 'मग कधी जाणार?' ला उत्तर देता देता ती मुलगी आजारी पडली. नोकरी कर. जमेल तसे डॉलरच्या हिशेबानं पैसे बाजूला टाक. आत्तापर्यंत सांगितलेली फी आणि व्हिसा मिळाल्यावर भरायचे २३५ डॉलर धरून १,३०५ डॉलर होतात, वैद्यकीय तपासणी वेगळी.

लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत तू अमेरिकेत उतरलीस तर मिळणारं ग्रीन कार्ड दोन वर्षांचं, सशर्त असतं. ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून ती शर्त काढण्याचा अर्ज, आय-७५१, भरायचा आणि लग्न टिकलंय हे पुन्हा दाखवायचं. दोन वर्षांनंतर उतरलीस तर थेट दहा वर्षांचं. फाइल रेंगाळत रेंगाळत दुसऱ्या वाढदिवसाच्या तोंडाशी आली आणि व्हिसाची मुदत शिल्लक असली, तर दोन आठवडे उशिरा तिकीट काढणं शहाणपणाचं ठरतं.

आता तो विचार, जो तुला लिहायलाही नको वाटला. आपल्याकडे 'अशुभ बोलू नये' म्हणतात. पण सातारा-कोल्हापूरकडच्या कुठल्याही फौजी घरात विचार, तिथल्या बायकांना कागद कुठल्या पेटीत आहेत ते पाठ असतं. त्यात अशुभ काही नाही. तर सरळ सांगते. अमेरिकी नागरिक नवरा गेला, तर त्याच्या विधवेला स्वतःच्या नावानं ग्रीन कार्ड मागता येतं. मृत्यूनंतर दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा. आय-१३० आधीच दाखल असेल तर तो वाया जात नाही, तोच विधवेचा अर्ज म्हणून पुढे धरला जातो. सेवेत असताना मरण आलेल्या सैनिकांच्या जोडीदारांना नागरिकत्वासाठीही वेगळी तरतूद आहे. म्हणजे तू निराधार नाहीस. पण तू त्याची बायको आहेस हे कागदावर कुठे कुठे आहे, ते तुला आज माहीत असायला हवं. विवाह प्रमाणपत्राची मूळ प्रत तुझ्याकडे, इंग्रजी भाषांतर तयार, डीडी-९३ वर तुझा चालू फोन नंबर. एवढं झालं की हा विचार रात्री येणार नाही असं मी म्हणत नाही. येईल, पण त्याच्यामागे 'माझं काय' हे शेपूट नसेल.

तुझ्यासारखी पत्रं आणखीही येतात, थोड्या वेगळ्या वळणाची. म्हणून चार गोष्टी इतरांसाठी.

ज्या आधीच अमेरिकेत आहेत, व्हिसावर रीतसर आत आलेल्या आहेत आणि नवरा नागरिक आहे, त्यांना देश न सोडता आय-१३० बरोबरच ग्रीन कार्डाचा अर्ज, आय-४८५, भरता येतो. फरक असा की तिथल्या मुलाखतीला सहसा नवऱ्यालाही बोलावतात. तो बाहेर असेल तर आदेशाची प्रत पाठवून तारीख बदलून मागा, न कळवता गैरहजर राहू नका. आणि अर्ज चालू असताना आजी आजारी म्हणून भारतात धावू नका. आधी परत येण्याचा परवाना काढा, नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरतात. एच-वन आणि एल-वन या नोकरीच्या व्हिसावाल्यांना यात सूट आहे. जी रीतसर आत आलेली नाही, तिच्यासाठी सैनिकांच्या कुटुंबांपुरती पॅरोल इन प्लेस नावाची, देशातच तात्पुरतं राहू देण्याची सोय आहे, एकेका वर्षाची आणि पूर्णपणे अधिकाऱ्याच्या मर्जीची. तिथे मात्र वकिलाशिवाय एक पाऊलही टाकू नका.

नवरा सैन्यात आहे पण अजून ग्रीन कार्डवरच आहे, अशा दोन जणींनी लिहिलं होतं. त्यांनी स्वतःच्या अर्जाइतकाच त्याच्या नागरिकत्वाच्या अर्जाचा पाठपुरावा करावा. ११ सप्टेंबर २००१ पासूनचा काळ कायद्यानं युद्धकाळ धरला जातो, त्यामुळे सेवेतल्या सैनिकाला पाच वर्षं थांबावं लागत नाही, त्याला फी नाही, आणि हे काम परदेशातल्या तळावरूनही होऊ शकतं. तो नागरिक झाला की बायको कोट्याच्या रांगेतून बाहेर पडते.

ज्यांचं लग्न अजून व्हायचंय, त्यांना 'तो तिकडे, मी इकडे, ऑनलाइन उरकून टाकू' असं वाटतं. माँटाना राज्यात तर सैनिकासाठी दोघांच्याही गैरहजेरीत, दोन प्रतिनिधी उभे करून लग्न लागतं. लग्न तिथे कायदेशीर असतं. पण इमिग्रेशनचा कायदा असं लग्न तोवर मानत नाही, जोवर त्या विधीनंतर नवरा-बायकोचा शरीरसंबंध येत नाही. आधीचा चालत नाही, नंतरचाच हवा. साखरपुड्याचा के-वन व्हिसाही अशा वेळी गैरसोयीचा. अमेरिकेत उतरल्यापासून ९० दिवसांत लग्न लागावं लागतं, आणि नवरदेवाच्या सुट्टीवर ना तुमचा ताबा ना त्याचा.

आणि ज्यांच्या नवऱ्याची बदली जर्मनी, जपान, कोरियात कुटुंबासह वर्षभर किंवा जास्त काळासाठी होते, त्यांचं सगळं गणितच वेगळं. ती डिप्लॉयमेंट, म्हणजे मोहिमेपुरतं पाठवणं, नाही, नेमणूक आहे. बायको ग्रीन कार्डधारक असेल आणि त्याच्यासोबत राहायला जात असेल, तर नागरिकत्वासाठी नेहमीची तीन वर्षं थांबण्याची अट तिला लागत नाही. तुझ्या नवऱ्याला कुवेतनंतर असं काही येण्याची शक्यता आहे का, हेही विचारायच्या यादीत टाक.

आता फोन.

त्याला त्रास नको म्हणून तू गप्प आहेस. पण आठवड्यातून दोनदा 'सगळं छान' ऐकणाऱ्या माणसाला बायको काहीतरी लपवते आहे हे कळत नसेल असं वाटतं का तुला? शिवाय तिकडे त्याच्या हातात तुमच्या संसारातलं काहीच नाही. गॅस कधी संपला ते त्याला कळत नाही, आईला डॉक्टरकडे नेता येत नाही. आपल्या घरासाठी आपण काहीतरी केलं, असं वाटण्याची एक संधी त्याला या अर्जामुळे मिळेल. ताप नव्हे ती. अर्थात मी चुकतही असेन. त्याचे सध्याचे दिवस वाईट चालू असतील तर तो म्हणेल, आत्ता नको. मग ते उत्तर त्याचं असेल, सासूबाईंचं किंवा तुझं नाही, आणि कधी करायचं ती तारीख त्याच फोनवर ठरवून घे.

फोनवर फॉर्म भरायचा नाही. फोनवर एवढंच विचारायचं : 'मी अर्जाची तयारी सुरू करू का? तुझे चार तास लागतील, आणि ते कधी द्यायचे ते तू ठरव.' बाकी ईमेलनं. एका ईमेलमध्ये एकच काम. शनिवारी 'खातं उघड', पुढच्या शनिवारी 'हे तपास', त्याच्या पुढे 'सही कर'. उरलेली चौदा मिनिटं झोप झाली का, जेवलास का, याच्यासाठीच राहू देत.

हो, आणि त्याला विचारायच्याही आधी एक काम आहे, ते आज संध्याकाळीच कर. पासपोर्ट, विवाह प्रमाणपत्र आणि जन्मदाखला शेजारी-शेजारी ठेव आणि तुझं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का बघ. आपल्याकडच्या बायकांचं नाव ही मोठी भानगड असते : मधे वडिलांचं की नवऱ्याचं, आडनाव माहेरचं की सासरचं, आणि लग्नात तांदळात लिहिलेलं तिसरंच. तांदळातलं नाव कुठल्या कागदावर चढलेलं नसेल तर त्याला तिथेच राहू दे. पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तर तोच चालू ठेव, अर्ज मध्यावर असताना नाव बदलायच्या फंदात पडू नकोस. अर्जात 'वापरलेली इतर नावं' असा रकाना असतो, तिथे कागदांवर असलेली सगळी नावं लिहायची. जन्मदाखल्यावर नुसतंच 'मुलगी' लिहिलेलं असेल, तर उद्या रजा टाक आणि महापालिकेत जा. त्या दुरुस्तीला नाशिकमध्ये किती दिवस लागतात ते मला माहीत नाही, पण ते नवऱ्यावर अवलंबून नाही.